एन-दोरच्या बाईचं वासरू

बायबल आणि जादूटोणा यावरच्या तुमच्या लेखात बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 18व्या अध्यायातली यादी आली आहे: शकुन पाहणारा, मंत्रतंत्र करणारा, मृतांना विचारणारा, सगळे निषिद्ध. ठीक. पण त्याच बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या 28व्या अध्यायाचा उल्लेख एका ओळीत उरकलात, ते खटकलं.

देशातले भूतविद्यावाले, म्हणजे मृतांना बोलावणारे, इस्राएलचा राजा शौल यानेच हाकलले होते. शत्रूची, पलिष्ट्यांची छावणी बघून त्याची गाळण उडते, देवाकडून उत्तर येत नाही, आणि हाच राजा रात्री वेष बदलून, दोन माणसं बरोबर घेऊन एन-दोर गावातल्या एका भूतविद्यावाल्या बाईच्या दारात जातो, मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलव म्हणून. तिला वाटतं, हा आपल्याला अडकवायला आलाय! शमुवेल वर येतो तो दिलासा द्यायला नाही, उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याजवळ असाल, हे सांगायला. शौल धाडकन आडवा पडतो. दिवसभर, रात्रभर पोटात अन्नाचा कण नसतो. मग तीच बाई घरचं पोसलेलं वासरू कापते, कणीक मळून बेखमीर भाकरी भाजते, आग्रह करून त्याला जेवू घालते.

म्हणजे मृतांना विचारणं निषिद्धच. १ इतिहास 10 मध्ये शौलाच्या मृत्यूच्या कारणांत ते स्पष्ट मोजलंय. पण त्या बाईला ग्रंथाने राक्षसीण केलेलं नाही. पुढे युरोपात बायबलमधल्या निर्गम 22:18 चा (‘चेटकिणीला जिवंत ठेवू नको’) आधार घेऊन बायका जाळणाऱ्यांनी हा अध्याय बहुधा घाईत वाचला असावा.

आणि बायबलच्या नव्या करारात, इफिस शहरात जादूची पुस्तकं जाळली ती ज्यांची त्यांनीच, स्वखुशीने. किंमत 50,000 चांदीची नाणी! कुणाच्या घरावर मोर्चा नेला नव्हता.