उलांडी, जॅक आणि आमची काळी माती : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

होडीची उलांडी आणि बोअरच्या गाडीचे जॅक यांच्यावरच्या माझ्या मागच्या लेखाचा तुम्ही मालवणहून चांगलाच समाचार घेतला आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. एक, होडीच्या उलांडीला, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला लावलेल्या तरंगत्या लाकडाला, मी ‘पाण्यातला पाय’ म्हटलं, ते अडाणीपणाचं आहे. दोन, माझ्या वावरात बोअरची गाडी कलली ती ऑपरेटरच्या चुकीने, आणि मी उगाच मातीला दोष देतो. तीन, जॅकखाली, म्हणजे गाडी ज्यांवर उचलून स्थिर करतात त्या लोखंडी पायांखाली, लाकूड टाकणं हा जुगाड आहे, त्याचं कौतुक करू नये. शेवटी ‘विदर्भात समुद्र कुठे आहे?’ असंही विचारलंत. नाही जी, समुद्र नाही. वैनगंगा आहे. दोन डोंगे बांबूंनी जोडून, वर फळ्या टाकून त्यावर मोटारसायकल पार नेताना मी पाहिली आहे. पण ते जोडडोंगे झाले, उलांडी नव्हे, हे कबूल.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. ‘पाय’ शब्द लेखातून काढला आहे. पाय टेकतो, उलांडी टेकत नाही. ती आडव्या दांड्यांवर होडीपासून लांब धरलेली असते. होडी तिच्याकडे कलली की उलांडीचं लाकूड पाण्यात दबतं आणि पाणी त्याला वर लोटतं. होडी पलीकडे कलली की तेच लाकूड पाण्याबाहेर उचललं जातं आणि आपल्या वजनाने होडीला परत ओढतं. श्रीलंकेच्या ओरुवा होडीला उलांडी एकाच बाजूला असते आणि ती नेहमी वाऱ्याच्या बाजूला ठेवतात. दिशा बदलायची तर होडी वळवत नाहीत, शीड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात आणि मागचं टोक पुढचं होतं. वारा जोराचा असला तर माणसंच दांड्यांवर सरकून बाहेर जाऊन बसतात. फिलिपीन्सच्या बांका होड्यांना दोन्ही बाजूंना असते. हे मला ठाऊक असूनही ‘पाय’ लिहिलं, कारण लिहिताना डोळ्यांसमोर सारखी ती बोअरची गाडीच होती.

आता त्या गाडीबद्दल. तुम्ही लिहिता, ‘नवखा ऑपरेटर असेल, लेव्हल न बघता जॅक लावले असतील.’ भाऊ, तो तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडचा होता. देशभर फिरणाऱ्या बोअरच्या कितीतरी गाड्या त्या एका गावच्या आहेत, तिथे हा घराघरातला धंदा आहे. त्याने पाणसळ लावून गाडी उभी केली होती, मी शेजारीच होतो. महिना मे. वावरात मूठ जाईल एवढ्या भेगा, ढेकूळ पायाला दगडासारखं लागत होतं. त्या जमिनीवर हत्ती उभा केला असता तरी रुतला नसता. त्याने जॅकखाली फूट बाय फुटाचे ठोकळे दिले. त्याच्याकडच्या मुरमाड, खडकाळ जमिनीवर तेवढं पुष्कळ होत असेल.

दोनशे फुटांच्या पुढे पाणी लागलं. कॉम्प्रेसरची हवा पाणी वर फेकते, ते सगळं बोअरच्या तोंडाशीच पडतं, आणि मागचे जॅक तिथून हातभर अंतरावर. आम्ही सगळे नारळ फोडण्यात आणि मोटार किती इंची टाकायची या वादात. पाणी भेगांतून थेट ठोकळ्यांखाली मुरत होतं, वरून खडक फोडणाऱ्या हॅमरची धडधड सुरूच. अर्ध्या तासात डावीकडचा मागचा जॅक वीतभर खाली गेला, मास्ट, म्हणजे गाडीवरचा ड्रिलचा उभा सांगाडा, कलला आणि रॉड बोअरात अडकला. कोणाला लागलं नाही. रॉड मोकळा करता करता रात्र झाली. पाण्यासाठी गाडी बोलावली आणि पाण्यानेच ती कलवली, याला ऑपरेटर एकटा कसा जबाबदार? चर खणून पाणी काढून द्यायची अक्कल त्याला यायला हवी होती हे खरं. पण वावर माझं, माती माझी, मलाही ती आली नाही.

आणि इथेच तुमचा पहिला आक्षेप माझ्या कामी येतो. उलांडी जितकी दबते तितकं पाणी तिला जास्त जोराने वर लोटतं, म्हणून होडी सावरते. मातीचं असं नाही. तिची ताकद संपली की ती बाजूला सरते. एक जॅक रुतला की गाडी त्याच बाजूला कलते, कलली की त्याच जॅकवर भार वाढतो, आणि तो आणखी रुततो. अशाच जॅकवर उभ्या राहणाऱ्या क्रेनचं आणखी कठीण, कारण तिचा लांब हात, म्हणजे बूम, ज्या कोपऱ्याकडे वळेल त्या कोपऱ्याच्या जॅकवरच बराचसा भार येतो. सुरुवातीला चारही सारखे वाटत होते, याला काही अर्थ उरत नाही.

आता तुमचा जुगाड. समजा एका जॅकवर पाच टन आले. ठोकळा एक फूट बाय एक फूट, म्हणजे एका चौरस फुटावर पाच टन. त्याऐवजी तीन बाय तीनचा लाकडी पाट द्या : नऊ चौरस फूट झाले, प्रत्येकावर साडेपाचशे किलोच्या आसपास. मशीन तीच, वजन तेच. फक्त पाट वाकणारा नको. पातळ फळी मधोमध दबते, कडा वर उचलल्या जातात आणि भार पुन्हा त्या मधल्या फुटावरच येतो. म्हणून लोक रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचे दोन थर आडवे-उभे टाकतात. मोठ्या क्रेनवाले यासाठी खास पाट घेऊन फिरतात, त्याला कोणी जुगाड म्हणत नाही. आमच्या गावातल्या बंडीच्या (बैलगाडीच्या) टेकूखालीही पावसाळ्यात चपटा दगड असतोच.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच विचारायची आहे. उलांडीचे आडवे दांडे होडीला घट्ट खिळ्यांनी ठोकतात, की दोरीने बांधून थोडी ढिलाई ठेवतात? बांधत असाल तर काथ्या की नायलॉन? त्या जोडाबद्दल मागच्या लेखात मी मोघम लिहून पुढे सरकलो होतो, आणि ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं याचंच मला नवल वाटतंय.