सागवानी सांगाडा आणि फसवणुकीचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या 1925 सालच्या मॉरिस काउली या ब्रिटिश मोटारीवरील लेखाखाली एका वाचकांनी टोपणनावाने प्रतिक्रिया दिली आहे. मी त्यांच्या शब्दांना माझा अर्थ चिकटवला असे कोणी म्हणू नये म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो : "शेठ, सागवानाचा सांगाडा आणि नव्या पत्र्याचे मडगार्ड लावलेल्या गाडीला 1925 ची म्हणणे ही वाचकांची फसवणूक आहे. मूळ काय उरले याची यादी कुठे आहे? केंद्राच्या 2021 च्या नियमात मूळ स्वरूपाची अट आहे, ती आधी वाचा. आणि ठाण्यात आधीच कोंडी असताना हे इंग्रजांचे धुराडे रस्त्यावर आणायचेच कशाला?"

महोदय, मतभेदाचे मला वावडे नाही. या छंदात दोन माणसे एका बोल्टवर संध्याकाळभर वाद घालतात आणि तरीही चहा एकत्रच पितात. परंतु आपण पहिल्याच शब्दात मला 'शेठ' केलेत आणि पहिल्याच वाक्यात फसवा ठरवलेत. ज्या माणसाला आपण कधी पाहिलेले नाही, त्याच्याशी बोलायला सुरुवात करण्याची ही रीत मला मान्य नाही. मी शेठ नाही. आयटीआय करून ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो, तिथूनच निवृत्त झालो आणि ही गाडी मोडक्या भागांच्या ढिगाच्या रूपात भविष्य निर्वाह निधीतल्या पैशांतून घेतली. व्हाईट मेटल या मऊ धातूचे बेअरिंग, कुठे टेकते ते दिसावे म्हणून नीळ लावून आणि स्क्रेपरने घासून, शाफ्टला कसे बसवायचे हे मला कोपरीतल्या एका वृद्ध फिटरने शिकवले, आणि ते शिकताना खाल्लेली बोलणी आपल्या प्रतिक्रियेपेक्षा कितीतरी कडक होती. फरक एवढाच की ते बोलण्याआधी काम तपासत असत.

आता आरोपाकडे येतो. फसवणूक व्हायला काहीतरी लपवलेले असावे लागते. सांगाड्याचे मूळ लाकूड वाळवीने आणि ओलीने संपले होते आणि तो सागवानात नव्याने बांधला, हे मी त्याच लेखात स्पष्ट लिहिले आहे. आपल्याला सागवान कळले तेही माझ्याच वाक्यावरून. ज्याने स्वतः सांगितले त्यालाच त्याच्या सांगण्याच्या आधारे लबाड ठरवणे हा न्याय मला समजलेला नाही.

त्या काळातल्या ब्रिटिश मोटारींच्या बॉडीचा सांगाडा बहुधा अ‍ॅश या लाकडाचा असे आणि त्यावर पत्रा ठोकून बसवलेला असे. अ‍ॅश वाफेवर सुरेख वाकते, धक्के सोसते आणि खिळा धरून ठेवते, म्हणून बग्गी बांधणाऱ्यांनी ते निवडले आणि मोटारी बांधणाऱ्यांनी त्यांच्याकडून उचलले. पण बुरशीला आणि किडीला तोंड देण्याची ताकद त्या लाकडात फारशी नाही, आणि खाडीकाठच्या हवेत, चार महिने भिजणाऱ्या शेडमध्ये ते किती तग धरणार? सागाच्या अंगात तेल असते, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि वजनातही तो अ‍ॅशच्या जवळपासच भरतो. अडचण एकच, की सागवान अ‍ॅशइतके वाकत नाही. म्हणून चेंदणी कोळीवाड्यात होड्यांची डागडुजी करणाऱ्या एका सुतारदादांकडे मी गेलो. ज्या लाकडाचे रेषेच मुळात वळणाने गेले आहेत असे तुकडे त्यांनी वखारीत बसून निवडले आणि दारांच्या चौकटीचे व मागच्या बाजूचे गोलावे त्यांतून काढले. जुन्या सांगाड्याचा कुजका तुकडान् तुकडा आम्ही जमिनीवर मांडून त्याचे माप आणि सांधा उतरवून घेतला होता. बॉनेट, दारांचे पत्रे, विंडस्क्रीनची चौकट आणि रेडिएटर जुनेच आहेत आणि ते या सांगाड्यावर त्यांच्या जुन्या भोकांसकट बसले. वाड्याची कुजलेली तुळई बदलली म्हणून कोणी वाड्याचे बांधकामाचे साल बदलत नाही.

आपला आग्रह असा दिसतो, की एकही भाग बदललेला नसेल तरच गाडीला तिचे साल लावावे. मग या मॉरिसचा क्लच पाहा. त्यात बुचाचे तुकडे बसवलेले असतात आणि तो तेलात बुडून चालतो. बूच झिजते, जळते आणि बदलावेच लागते. गाडी नवी असतानाही ते बदलण्याचीच वस्तू होते. टायर, रेडिएटरचे होज, ब्रेकचे अस्तर, वायरिंगचे कापडी वेष्टन यांतले 1925 सालचे काहीही आज चालत्या गाडीवर मिळणार नाही. पेट्रोलसुद्धा त्या काळचे राहिलेले नाही. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल असते. जुने मिस्त्री सांधे बंद करायला चपडा लाख वापरत आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे पेट्रोलच्या वाटेवरचे असे सांधे आम्हाला वेगळ्या पद्धतीने बंद करावे लागतात. हे न करणारा माणूस आपल्या व्याख्येने प्रामाणिक ठरेल, पण त्याची गाडी एक दिवस पेट घेईल.

मोटारीचे साल ठरते ते चासी (बॉडीखालचा लोखंडी पाया), इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांवरून, आणि तिथेही नुसता नंबर पाहून भागत नाही, धातू वाचता यावा लागतो. माझ्या इंजिनाचेच उदाहरण देतो. काउलीला सुरुवातीला अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीचे इंजिन असे. पहिल्या महायुद्धानंतर त्याच बेताचे इंजिन हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कोव्हेंट्रीतल्या कारखान्यात बनू लागले आणि 1923 मध्ये तो कारखाना मॉरिस यांनी विकत घेतला. तिथली यंत्रे फ्रेंच असल्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक पडत. इंग्लंडमधल्या मिस्त्रीचा पाना बसावा म्हणून डोकी मात्र व्हिटवर्थ या इंग्लंडमधल्या मापाची केलेली असत. ही जोडी बाजारातल्या कुठल्याही पेटीत सापडत नाही. म्हणून कोणी मागाहून व्हिटवर्थ आट्यांचा बोल्ट दामटून बसवला असेल तर भोकातले आटे लगेच सांगतात. माझ्या इंजिनात अशी दोन भोके होती. ती भरून पुन्हा मेट्रिक आटे पाडून घेतले आणि तसे बोल्ट लेथवर करवून घेतले. दुकानातला बोल्ट लावला असता तर कोणालाही दिसला नसता. फसवणूक करणारा माणूस न दिसणाऱ्या जागी एवढा खर्च करत नाही, महोदय.

फसवणूक कशी असते हेही मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी मला अशीच एक 'बुलनोज' (गोल नाकासारख्या रेडिएटरमुळे या मॉरिसला पडलेले नाव) दाखवण्यात आली होती आणि कागदावर तिचे साल 1925 होते. रेडिएटर गोल होता खरा, पण त्यावर क्रोमचा निळसर चकाकता मुलामा होता. मोटारींवर क्रोम सर्रास आले ते 1920 च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असे आणि निकेलची झाक किंचित पिवळसर असते. मुलामा नंतर दिला असेल असे समजून मी चासीकडे वळलो, तर नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या ताज्या खुणा होत्या आणि आकडे एका ओळीत नव्हते. मी हात जोडून परत आलो. ती गाडी पुढे कोणीतरी घेतलीच. अशा माणसांच्या रांगेत मला उभे करताना आपण थोडा विचार करायला हवा होता.

नव्या मडगार्डांबद्दल सांगायचे तर ते वागळे इस्टेटमध्येच हाताने घडवले आहेत. जुनी दोन साचा म्हणून वापरण्याइतकी शाबूत होती आणि पत्र्याची जाडी त्यांच्याशी जुळवून घेतली. आंतरराष्ट्रीय पातळीवर फिवा या जुन्या वाहनांच्या संघटनेची 2013 पासून लागू असलेली ट्युरिन सनद आहे. बदललेला भाग ओळखता यावा अशी कायमची खूण त्यावर असावी आणि कामाची नोंद ठेवावी, असे ती सांगते. प्रत्येक नव्या लाकडावर आतल्या बाजूने आणि प्रत्येक मडगार्डाखाली आम्ही साल ठोकले आहे. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला माझा शब्द मानण्याची गरज पडणार नाही. आपली एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो : या खुणांची आणि चासीच्या नंबराची छायाचित्रे लेखात हवी होती. ती आता जोडतो. आपण जी यादी मागितली आहे ती माझ्या वहीत आहे. ती इथे उतरवून हा लेख गॅरेजचे बिल करण्याची माझी इच्छा नाही.

नियम 'आधी वाचा' असे आपण फर्मावले आहे. वाचला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ही तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक, नव्या नोंदणीला 20,000 आणि फेरनोंदणीला 5,000 रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. नेहमीच्या किंवा धंद्याच्या वापराला बंदी, आणि प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणण्याची मुभा. मूळ स्वरूपाची अट आहेच. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार केलेला नसावा, असा तिचा रोख आहे. चासी कापून लांब करणे किंवा बॉनेटखाली आजचे डिझेल इंजिन बसवणे हा फेरफार झाला. कुजलेला वासा काढून त्याच मापाचा, त्याच सांध्याचा वासा घालणे ही दुरुस्ती आहे. हा भेद आपल्याला मान्य नसेल तर तसे म्हणा, पण मी नियम वाचलाच नाही असे गृहीत धरू नका.

राहिला कोंडीचा आणि धुराचा मुद्दा. या गाडीला पुढे जाण्याचे तीनच गिअर आहेत, त्यांना सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी योजना) नाही म्हणून प्रत्येक वेळी डबल क्लच करावा, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो, आणि ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहेत. अशी गाडी घेऊन मी संध्याकाळी माजिवड्याच्या पुलाखाली उभा राहीन असे आपल्याला वाटते का? रविवारी उजाडायच्या आत पोखरण रोडने उपवनापर्यंत, किंवा रस्ता बरा असेल तर घोडबंदर रोडने गायमुखाच्या चढापर्यंत जातो, उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरतो आणि दूधवाल्यांच्या गाड्या सुरू असतानाच परत येतो. ठाण्याची कोंडी माझ्यामुळे होत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. 'इंग्रजांचे धुराडे' या शब्दांना मी उत्तर देणार नाही. ज्या इंजिनाचा बेत अमेरिकेचा आणि यंत्रे फ्रान्सची, त्याचा इतिहास वर दिला आहे, तो वाचावा.

ठोकलेली साले बोटाने चाचपून पाहायची असतील तर आपले नाव लिहून कळवा, मी गाडी उचलून खालची बाजू दाखवीन. टोपणनावाने आलेल्या अशा भाषेतल्या प्रतिक्रियेला मात्र हे माझे शेवटचे उत्तर आहे.