पार्क मैदानावरचा फॉरवर्ड आणि ईपीओचं इंजेक्शन

पहाटे सोलापूरच्या पार्क मैदानावर पळणाऱ्या आमच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: ‘केनियावाले डोंगरावर जन्मतात, त्यांचं रक्त आधीच भरलेलं. त्यांना ईपीओचा उपयोग शून्य. चाचणीत सापडतात ते उंचीमुळे. गरज आपल्याला आहे. लेहच्या मॅरेथॉनआधी दोन इंजेक्शनं घ्या, फरक बघा.’ ईपीओ म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक; शरीर ते स्वतः बनवतं आणि इंजेक्शनातूनही देतात. मी डायलिसिस विभागात काम करतो, हे औषध रोज हाताळतो. म्हणून लिहितोय.

उपयोग शून्य? सुमारे 2100 मीटर उंचीवर राहणाऱ्या केनियन धावपटूंना चार आठवडे ईपीओ दिल्यावर 3000 मीटरची त्यांची वेळ साधारण 5 टक्क्यांनी सुधारली. स्कॉटलंडच्या सखल भागातल्या धावपटूंचाही फायदा जवळपास तेवढाच होता. तुलनेसाठी खोटं इंजेक्शन दिलेला गट त्यात नव्हता, हे मान्य. तरी ‘शून्य’ कुठून आलं?

डोपिंग चाचणीचं म्हणाल, तर उंचीवर शरीर जे ईपीओ बनवतं ते मूत्रपिंडात. इंजेक्शनातलं बहुधा हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत बनतं आणि त्यावरच्या साखरेच्या साखळ्या वेगळ्या असतात. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून लघवीत हाच फरक शोधतात. केनियातल्या डोंगरावरच्या इटेन गावची हवा कितीही विरळ असो, ती कुणाच्या लघवीत हॅमस्टर सोडत नाही! रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन विजेती, केनियाची जेमिमा सुमगाँग 2017 मध्ये ईपीओतच सापडली.

आता ती दोन इंजेक्शनं. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. 2008 च्या एका प्रयोगात ईपीओचा फायदा 3500 मीटरपर्यंत, म्हणजे लेहच्या उंचीपर्यंत दिसला, 4500 ला नाही. म्हणजे त्याहूनही उंच असलेली खारदुंगला खिंड तर विसराच. विरळ हवेत आधी श्वास जुळवून घ्यावा लागतो, त्यासाठी काही दिवस आधी पोचायचं.

आमच्या पेशंटचं हिमोग्लोबिनसुद्धा आम्ही मुद्दाम 11.5 च्या पुढे नेत नाही. 2006 च्या एका मोठ्या अभ्यासात 13.5 चं लक्ष्य ठेवलेल्या गटात मृत्यू, हार्ट ॲटॅक, पक्षाघात वगैरेंचं एकत्रित प्रमाण जास्त निघालं. ते किडनीचे पेशंट, आपण धडधाकट, असं म्हणाल. पण धडधाकट गड्याचं 15 असतंच. ते आणखी वर ढकललं की रक्त घट्ट होतं. वर सोलापूरचा मे महिना, विजापूर रोडवरचा लाँग रन आणि घामाने आटलेलं अंग.

‘कुठल्या मेडिकलमध्ये मिळेल?’ असं ग्रुपवर दोघांनी मला विचारलंय. ते मी सांगणार नाही.