साक्षी आणि निरीक्षक एक नव्हेत

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात रक्तदाबाची गोळी दोन दिवस घेतली नाही. तिला आलेल्या संदेशात लिहिले होते की पुंजभौतिकीतील (क्वांटम भौतिकीतील) ‘निरीक्षक’ आणि उपनिषदांतील ‘साक्षी’ एकच आहेत, दोन्ही शब्द ‘ईक्ष्’ या धातूपासून आले आहेत आणि पाहण्याने इलेक्ट्रॉन बदलतो, तसा साक्षीभावाने पाहिल्यावर रोगही बदलतो. हा संदेश अनेकांकडे फिरत असल्याने त्याचे उत्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

प्रथम व्युत्पत्ती. निरीक्षक, परीक्षक, प्रेक्षक हे शब्द ‘ईक्ष्’पासून आले, हे खरे आहे, परंतु ‘साक्षी’ त्यातून येत नाही: ‘स’ आणि ‘ईक्ष्’ यांचा संधी केला तर ‘से’ होईल, ‘सा’ नव्हे. पाणिनीने ‘साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्’ (५.२.९१) या सूत्रात ‘साक्षी’ हा शब्द ‘साक्षात्’पासून सिद्ध केला आहे आणि त्याचा अर्थ ‘प्रत्यक्ष पाहणारा’ असा दिला आहे.

खरा अनर्थ अर्थाचा आहे. मुंडकोपनिषदात (३.१.१) एकाच वृक्षावर दोन पक्षी बसले आहेत, एक गोड फळ खातो आणि दुसरा न खाता केवळ पाहतो. वेदान्त ज्याला साक्षी म्हणतो, तो हा दुसरा पक्षी. त्याच्या पाहण्याने फळ पिकत नाही, सडत नाही आणि पहिल्याचे खाणेही थांबत नाही. न्यायालयातही घटनेत हात घालणाऱ्याला आपण साक्षीदार न म्हणता सहभागी म्हणतो. ज्या शब्दाचा सारा अर्थ अलिप्ततेवर उभा आहे, त्याच्या नावावर रोग बदलण्याचे सामर्थ्य खपवणे म्हणजे उपनिषद न वाचताच त्याची साक्ष काढणे होय.

दोन फटींतून इलेक्ट्रॉन सोडले की पडद्यावर व्यतिकरणाचे, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळल्याने उमटणारे, पट्टे दिसतात आणि इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे टिपले की ते नाहीसे होतात, एवढे मान्य करावेच लागेल. मात्र तेथे ‘निरीक्षण’ म्हणजे कणाशी घडलेली भौतिक आंतरक्रिया. निरीक्षक यंत्र आहे की माणूस, याने फरक पडत नाही, असे पुंजभौतिकीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या खुद्द हायझेनबर्गनेच १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. २००४ साली व्हिएन्नातील प्रयोगात तापवलेल्या कार्बन-७० रेणूंनी स्वतःच प्रकाश उत्सर्जित केला आणि त्यामुळे त्यांचे पट्टे पुसट होत गेले. कण कोठून गेला हे त्या प्रकाशात पाहायला कोणी बसले नव्हते.

‘द्रष्टा म्हणजे भविष्य जाणणारा’ हेही त्या संदेशात आहे. मंत्रद्रष्ट्या ऋषींनी मंत्र पाहिले, भाकिते केली नव्हेत, एवढे त्यावर पुरे.

साक्षीभावाने बसल्यावर मावशीचे मन शांत होते, असे ती सांगते आणि त्यावर माझा विश्वास आहे. तिने रोज अवश्य बसावे, सकाळची गोळी घेऊन.