नाकात तूप आणि टाकीत पाणी

शूर्पणखेचं नाक पंचवटीत कापलं गेलं, हे आम्ही नाशिककर पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. माझं अजून शाबूत आहे. पण सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत मास्कमधून नाकात हवा फुंकणारं यंत्र, आल्यापासून रोज पहाटे ते असं काही कोरडंठाक पडायचं, की बाई लवकर सुटली असं वाटायचं.

झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी मशीन दिलं. घोरणं पहिल्याच रात्री बंद! बायकोने सकाळी बहिणीला फोन करून ही बातमी दिली. माझ्या नाकाचं काय झालं, ते कुणीच विचारलं नाही. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिवन यांनी 1981 साली ही पद्धत जगापुढे मांडली आणि सुरुवातीला हवा फुंकायला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली. हे वाचल्यापासून मास्क चढवताना आपण सोफ्याखालचा कोपरा आहोत असं वाटतं.

मग नाकाचा विषय गावभर झाला. ‘साजूक तूप सोड दोन थेंब,’ आई. ‘व्हॅसलीन चोपडा,’ साडू. ‘रामकुंडात डुबकी मारा, आपोआप मोकळं होईल,’ हे जॉगिंग ट्रॅकवरचे एक काका. त्यांचं स्वतःचं बाराही महिने वाहतं. डॉक्टरांनी सगळ्यांना निकालात काढलं. तेलकट काहीही नको. मास्कचं सिलिकॉन खराब होतं आणि हवेबरोबर ते फुप्फुसात जायची भीती. लावायचंच तर पाण्यावर बनवलेली जेल, नाहीतर सलाइनचा स्प्रे. ‘झोपेत तोंड उघडं राहतं का?’ त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘जागेपणीही.’

खरी मेख तिथेच होती. हवा नाकाने आत येते आणि तोंडाने पसार होते. एरवी बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल नाकाला परत मिळते, ती मिळत नाही. मग नाक आतून सुजतं, चोंदतं, आणि म्हणून तोंड आणखी उघडतं. यावर हनुवटीला पट्टा आला. मास्क, नळी, पट्टा असा सगळा जामानिमा करून मी आडवा झालो की बायको म्हणते, ‘पोचलास की फोन कर.’

शिवाय ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या हवेला ओल देणारी पाण्याची टाकी. त्याला डिस्टिल्ड पाणीच लागतं, नळाच्या पाण्याचे क्षार टाकीत साचतात. मेडिकलवाल्याने विचारलं, ‘इन्व्हर्टरला का?’ म्हटलं, ‘नाकाला.’ त्याने मुकाट्याने सुटे पैसे परत केले.

डिसेंबरात निफाडचा पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, आणि इकडे नवंच सुरू झालं. टाकीतून निघालेली उबदार, दमट हवा गार नळीत शिरली की तिचं पाणी होतं. आधी कानाशी गुळगुळ. मग ऐन साखरझोपेत एक गार थेंब सरळ नाकपुडीत! मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, म्हणजे पाणी उलट टाकीकडे जातं. नळीला कव्हर विकत मिळतं, पण आईने माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून चढवली. कोपरावरचं ठिगळ बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतं. थेंब मात्र बंद झाला, विकतचं कव्हर हवंय कुणाला!

नाक आता ठीक आहे. आईचं तूप तेवढं उरलं होतं. नाकात नाही तर नाही, म्हणून ती ते रोज रात्री माझ्या खिचडीवर ओतते. पुढच्या महिन्यात डॉक्टर वजन बघणार आहेत.