वर्षावास

पावसाळ्यात घरी बसावं, हे बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. भिक्खूंनी आषाढी पौर्णिमेनंतरचे तीन महिने गावोगाव भटकू नये, एका जागी मुक्काम करावा. हाच वर्षावास. सह्याद्रीच्या कड्यांत खोदलेले विहार या मुक्कामाला फार सोयीचे. म्हणजे, जिथं लोक पाऊस टाळायला जात, तिथं आम्ही पुणेकर पाऊस खायला जातो.

ही माहिती सासरेबुवांनी मला लोणावळा लोकलमध्ये दिली, तेव्हा मी एका पायावर उभा होतो. दुसऱ्याला जागा कामशेतला मिळाली. ‘मग आपण का निघालोय?’ हे मी विचारलं नाही. जावयानं विचारायचं नसतं.

मळवलीला उतरलो आणि पुलाशीच छत्री उलटी झाली. भाजे गाव, मग लेण्यांच्या पायऱ्या. पायऱ्यांवर अख्खं पुणे कणीस खात उभं.

“जावईबापू, हे चैत्यगृह, भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन. खांब आत कललेत, बघा!”

मी बघितले. गुडघ्यामुळे मीही कललो होतो, पण डावीकडे.

खांब अष्टकोनी, आणि वर छताला सागवानी कमानी, अगदी मूळच्या. लेणं इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातलं, म्हणजे लाकूड दोन हजार वर्षांपुढचं. आमच्या सोसायटीनं गच्चीला जूनमध्ये नवं दार बसवलं, ते जुलैत फुगलं आणि आता लागत नाही. बरं, डोंगराच्या छताला लाकडाचा आधार कशाला? काही गरज नाही. कारागिरांचा हात लाकडी इमारतींवर बसलेला, दगडातही त्यांनी तेच घडवलं. सवय सुटत नाही, हे मला पटलं. आम्हीही दर जुलैत इथंच येतो.

पुढं स्तूपांचा समूह. एकूण 14, त्यातले 5 लेण्याच्या आत, 9 बाहेर, हे सासरेबुवांनी स्वतःच सांगितलं आणि मग मोजून पाहिलं. दोनदा.

त्यांचं मोजणं चालू असताना मी एका विहारात शिरलो. भिक्खूंच्या खोल्यांत झोपायला दगडी ओटे आहेत. ना गादी, ना उशी. पण कोरडे! मी आडवा झालो.

“अहो, हे काय? उठा!” बायको दारातून म्हणाली.

“आश्विनी पौर्णिमेला उठव.”

मागोमाग सासरेबुवा आले. निथळत होते, गुडघा धरून होते. आता ओट्याचा इतिहास ऐकावा लागणार म्हणून मी डोळे मिटले.

“जरा सरका,” ते म्हणाले.