हाफ डे

गेल्या आठवड्यात टीममधल्या एका मुलीने हाफ डे मागितला. "गावी जाऊन सही करायचीये ताई. हक्कसोडपत्र." गाडीची पीयूसी काढायला चाललेय, अशा सुरात म्हणाली. हिंजवडीत सहा वर्षं नोकरी, वाकडच्या वन बीएचकेचा हप्ता एकटी भरते. वडील गेले, वारसनोंद झाली, आता आपला हिस्सा सोडून भावाच्या नावावर 'सगळं सुटसुटीत' करायचंय.

मला हसू आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. 2011 साली मीही हेच केलंय. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो काढला, अंगठा दिला, दहा मिनिटांत काम झालं. भावाने नंतर पैठणी घेतली. चांगली होती, खोटं कशाला बोलू.

माझ्या आत्याला लिहिता येत नव्हतं. तिला सांगितलं होतं, "सही दिली नाहीस तर माहेर तुटेल." मला सांगितलं, "शिकलीस, कमावतेस, तुला काय कमी आहे?" म्हणजे ज्या शिक्षणामुळे हक्क कळायला हवा, तेच शिक्षण हक्क सोडायचं कारण झालं! आणि मला ते ऐकून चक्क बरं वाटलं होतं. मोठेपणा वाटला होता.

आपल्या पुण्याला मुलींच्या शिक्षणाचं कौतुक आहे, ते रास्तच आहे. 1848 मध्ये भिडेवाड्यात सावित्रीबाई शिकवत होत्या, 1884 मध्ये हुजूरपागा निघाली, 1916 मध्ये कर्व्यांनी महिलांचं विद्यापीठ काढलं. सावित्रीबाईंनी अंगावर शेण झेललं ते याच शहरात. पण आज मुलीच्या नोकरीला कोण विरोध करतं? फारसं कुणी नाही, कारण पगार घरात येतो. हिस्सा मागितला की जमीन घराबाहेर जाते. एवढा साधा हिशोब आहे, त्याला संस्कार वगैरे म्हणू नये.

कायदा मागे आहे असंही नाही. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला (तोवर लग्न झालेल्यांना वगळून), देशभर तो 2005 मध्ये आला. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. तरी कितीतरी सातबाऱ्यांवर बहिणींची नावं मालकाच्या रकान्यात नसतात, 'इतर हक्कात' पडून असतात आणि एक दिवस फेरफार (नोंदीत बदल) होऊन तिथूनही जातात.

भावाला द्यायचं तर खुशाल द्यावं. पण देतोय काय, ते तरी बघावं.

हाफ डे मी दिला. फक्त म्हटलं, आधी ड्राफ्ट मागवून घे आणि त्यातले गट नंबर, म्हणजे जमिनीचे तुकडे, मोज. रात्री तिचा व्हॉट्सॲप आला. घराचंच आहे म्हणाले होते, आत चार गट होते, त्यातले दोन रिंगरोडच्या बाजूचे.

सही तिने पुढे ढकलली आहे. भाऊ तीन दिवस बोललेला नाही. आई रोज फोन करते, जेवलीस का एवढंच विचारते.